इंजिनाला कुंकू नाही

सरकारी अनुदान म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी त्याला आधी लग्न समजावून सांगतो. धंदा सुरू करणारा माणूस म्हणजे मुलीचा बाप. बँक म्हणजे मांडवाचा खर्च उचलणारा पाहुणा. त्याचं निम्मं लक्ष अक्षतांकडं आणि निम्मं परतफेडीकडं. आणि सरकार म्हणजे मुंबईचा मामा. 'भांडी माझ्याकडून!' असं भर बैठकीत जाहीर करतो, वाहवा घेतो आणि गाडीत बसून निघून जातो. लग्न लागतं, पंगती उठतात, मांडव सुटतो, तरी भांड्यांचा पत्ता नाही. मग कधीतरी मामा माणूस पाठवतो. 'लग्न खरंच लागलं का? नवरी नांदते का? डोळ्यांनी बघून ये.' त्या माणसानं 'होय' लिहून दिलं तर भांडी येतात. 'नाही' लिहिलं तर मांडवाचा खर्च केलेला पाहुणा उठतो आणि थेट नवरीलाच उचलून नेतो. नवरी म्हणजे मशीन.

तो बघून येणारा माणूस म्हणजे मी. उस्मानाबादच्या एका कचेरीत मी ही नोकरी करत आलोय. निवृत्तीला अजून अवकाश आहे, म्हणून थोडं जपून लिहितो. फार नाही.

मी अणदूरचा. खंडोबाच्या गावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. माझा आजा कळपातलं प्रत्येक मेंढरू तोंडावरून ओळखायचा आणि बाजारात कुणी बदली केली तर लांबूनच शिवी द्यायचा. मी शिकलो, मेंढरं सुटली, पण ती नजर काही सुटली नाही. पुढं ती कशी कामाला आली ते सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ सरला होता. दुष्काळी कामावर खडी फोडून फोडून लोकांच्या हातांना घट्टे पडलेले. सरकारला वाटलं, या जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही, तर माणसांना धंद्याला लावू. झालं! काल खडी फोडणारा माणूस आज उद्योजक झाला. दोन्हीकडं त्याची हजेरी घेणारा कारकून मात्र तोच. सहकारी संस्थांचं तर पीकच आलं. पाऊस पडो न पडो, ते पीक बुडत नव्हतं.

आमच्या दाखल्यात एकच वाक्य महत्त्वाचं होतं: 'यंत्र बसवलेले व चालू स्थितीत आढळले.' लोक हे वाक्य फार मनावर घेत. बँडबाजासाठी अनुदान मागणारा एक कलाकार सगळा ताफा घेऊन कचेरीत आला. मी म्हणालो, "वाद्यं बघितली, ठीक आहे." तो म्हणाला, "न्हाय न्हाय, चालू स्थितीत बगा!" आणि साहेबांच्या दारात त्यानं नवरदेव मारुतीला निघतानाची चाल सुरू केली. आत साहेबांची वरिष्ठांबरोबर बैठक. साहेब बाहेर आले, हात जोडले आणि उभ्या उभ्या सही केली. जिल्ह्यात इतक्या झटपट मंजूर झालेलं दुसरं प्रकरण मला आठवत नाही.

हे साहेब पुण्याकडचे. माणूस प्रामाणिक, पण आपण फार हुशार आहोत असा त्यांचा समज होता आणि तो घालवायची कुणाला गरज वाटली नव्हती.

आता मूळ गोष्ट. तेरच्या पुढं तेरणेच्या काठाला एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण चेअरमनचा मुलगा आता वकील आहे. चेअरमन म्हणजे तिथल्या औद्योगिक सहकारी संस्थेचे. आसपासच्या गावांत संस्थेचे सभासद. कुणाची डाळ भरडण्याची चक्की, कुणाचा तेलघाणा, कुणाची पिठाची गिरणी. प्रत्येकाला एक डिझेल इंजिन मंजूर. मी पाहणीला निघालो. पहिल्या गावात हिरवंगार इंजिन, हळदीकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेलं. छान. फक्त त्याच्या सायलेन्सरला वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा गुंडाळलेला होता आणि पत्र्यावर ताडाचं अर्धं झाड, तेही उलटं.

पुढच्या आठवड्यात दुसरं गाव. हिरवं इंजिन, हळदीकुंकू, ताडाचं उलटं झाड.

तिसऱ्या गावात झाड दिसलं तसे आमचे जीपचे ड्रायव्हर मौलाभाई माझ्या कानाला लागले. "साब, ये झाड अपने आगे आगेच चलरा क्या?"

मेंढपाळाच्या नातवाला मेंढरू ओळखू येणार नाही होय! संस्थेनं इंजिन घेतलं होतं एक. एरवी ते चेअरमनच्या गावात गावची गिरणी चालवायचं. तपासणी आली की बैलगाडीत बसून ज्या त्या गावी नांदायला जायचं. आम्ही त्याचं नाव 'बारा गावची सून' ठेवलं. इंजिनाचा नंबर असलेली पितळी पाटी प्रत्येक गावात वेगळी होती. दोन स्क्रूचं काम. म्हणजे पाटी कायम घरी आणि इंजिन परगावी. एकाच दिवशी सगळी गावं गाठायची म्हटलं तर उत्तर तयार: "इंजिन सोलापूरला गेलंय दुरुस्तीला."

साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "पुरावा काय?"

"चेहरा तोच आहे साहेब."

"रिपोर्टात चेहरा लिहू?"

तोड काढली ती माझ्या बायकोनं, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. नवरात्र बसायच्या सुमारास शेजारच्या वहिनी तिचं शिलाई मशीन मागायला आल्या. बायको म्हणाली, "न्या की. पण खंडेनवमीच्या आत माझं मशीन माझ्या घरात पायजे. त्या दिवशी आपलं हत्यार परक्याच्या दारात न्हाय ठिवत."

मी जेवणावरून उठलोच. खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याची त्या दिवशी पूजा. शेतकरी नांगर धुतो, शिंपी मशीन पुसतो, सुतार पटाशीला कुंकू लावतो. मौलाभाईसुद्धा आमच्या जीपला माळ घालू द्यायचे. "डालो साब, गाडी सरकारकी है, मेरेकू क्या!" त्या दिवशी हत्याराला सुट्टी. ते चालवायचं नाही आणि उसनं तर मुळीच द्यायचं नाही. सोलापूरला दुरुस्तीला गेलेलं इंजिनसुद्धा त्या दिवशी घरी यायलाच पाहिजे.

कल्पना ऐकून साहेब खुर्चीतून उठले. खिडकीशी जाऊन परत आले तोवर ती कल्पना त्यांची झाली होती. वर त्यांनी स्वतःची एक अक्कल जोडली. "आणि समजा, कुणी बाहेरून भाड्यानं इंजिन आणून ठेवलं तर? भाड्याच्या इंजिनाला कुणी कुंकू लावणार नाही. तेव्हा जिथं कुंकू नाही, ते इंजिन परक्याचं!"

खंडेनवमीला सकाळीच आम्ही निघालो. पहिल्या गावात डाळचक्कीवाल्यानं चौथऱ्यावर पाट मांडला होता. पाटावर तांदूळ, तांदळावर पितळी पाटी, पाटीला हळदीकुंकू, पुढं नारळ. इंजिन नव्हतं.

"इंजिन कुठंय?" साहेब.

"सोलापूरला."

"आजच्या दिवशी?"

तो गडी हात जोडून म्हणाला, "देह तिकडं हाय सायेब. आत्मा हितंच हाय."

दुसऱ्या गावात खोलीच्या मधोमध कोऱ्या धोतरानं झाकलेला मोठा उंचवटा. माळ, उदबत्ती, सगळं साग्रसंगीत. साहेब धोतराला हात घालणार तेवढ्यात घरातली म्हातारी आडवी पडली. "सायेब, पुजलेलं उघडू नाय. कोप व्हतो." साहेब मागं सरले, आणि आतून कोंबडी ओरडली. मग दुसरी. धोतराखाली कोंबड्यांचं डालगं होतं.

साहेब मला म्हणाले, "लिहा. यंत्र चालू स्थितीत नाही."

"साहेब, आवाज तर येतोय."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी लिहून टाकलं. मौलाभाई मात्र गालातल्या गालात हसत होते आणि जीप उगीच खड्ड्यातून घालत होते.

तिसरं गाव चेअरमनचं. तिथं होती आमची सून! बैठकीच्या खोलीत चौरंगावर बसलेली, धुतलेली, पुसलेली, आंब्याची डहाळी, झेंडूच्या माळा. ताडाच्या उलट्या झाडावरसुद्धा कुंकवाचं बोट. आठवडाभर परगावी नांदून ती आदल्या संध्याकाळी घरी आली होती आणि थेट चौरंगावर चढली होती.

चेअरमननी चहा दिला, पान दिलं आणि मग आवाज खाली केला. "सायेब, आमचं तर बगितलंच. आता वस्तीतल्या शाहूराजची गिरणी बगा. लई दिवस झालं म्या सांगलालो, त्याचं इंजिन त्याचं न्हाय. कुठून तरी भाड्यानं आणलंय."

शाहूराजचं प्रकरण माझ्याकडंच होतं. तो संस्थेचा सभासद नव्हता. स्वतः बँकेकडं गेला, स्वतः इंजिन आणलं, स्वतः जातं बसवलं. संस्थेची शिफारस नाही म्हणून त्याचा कागद आमच्याकडं नुसता फिरत होता. आता बँकेनं त्याला बजावलं होतं की या महिन्यात दाखला आला नाही तर इंजिन उचलू. म्हणजे त्या दिवशी आम्ही जे लिहू, त्यावर त्याची गिरणी राहणार की जाणार ते ठरणार होतं.

आम्ही वस्तीकडं निघालो. वेशीपासूनच आवाज यायला लागला. धडधडधडधड! खंडेनवमीला, अख्खा मुलूख हत्यारं पुजून गप्प बसलेला असताना, एक इंजिन चालू होतं.

साहेबांनी मान डोलावली. "बघितलंत? आजच्या दिवशी कुणी स्वतःचं इंजिन चालवेल?"

गिरणीपुढं डब्यांची रांग लागलेली. आणि रांगेतल्या बाया गावातल्या! एरवी गावातलं दळण वस्तीतल्या गिरणीवर यायचं नाही. वस्ती बौद्धांची, एवढं सांगितलं की कारण सांगायला नको. उलट, याच वस्तीतलं दळण गावच्या गिरणीवर दिवस मावळेपर्यंत पडून राहायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर वरून ओतून घेतलं जायचं, म्हणून तर शाहूराजनं स्वतःची गिरणी काढली होती. पण गावचं इंजिन आठवडाभर दौऱ्यावर, आलं ते चौरंगावर. उद्या दसरा. पोळ्यांचा गहू घराघरात तसाच. तेव्हा पोळीपुढं सगळं माफ झालं होतं.

दारात शाहूराजची बायको सुंदराबाई रांग लावत होती. "ए बाई, मागं हो. हितं पाटलाची आन् कुणाची न्हाय, डब्याची रांग हाय."

साहेब वाकून आत शिरले. मीही गेलो. इंजिन बघितलं आणि मला तिथंच कळलं, हे वेगळं मेंढरू आहे. काळपट रंग, सायलेन्सर शाबूत, पाटी मूळच्या स्क्रूंनी पक्की बसलेली. शाहूराज पिठानं पांढरा झालेला, भुवया सुद्धा पांढऱ्या.

साहेब ओरडले, "कुंकू कुठंय?"

"काय?"

"कुंकू! इंजिनाला कुंकू का नाही?"

शाहूराजनं हातानं जात्यातलं दळण चाचपलं आणि मग सावकाश म्हणाला, "आमी लावत न्हाय साहेब. छप्पन सालापास्नं न्हाय लावत."

"पण यंत्राची पूजा तरी..."

"त्याला पूजा कळत न्हाय. तेल कळतं. तेल रोज देतो."

"मग आज गिरणी चालू कशी? आज हत्याराला सुट्टी असते."

"आमची सुट्टी उद्या. उद्या आमचा धम्माचा दिवस हाय, गिरणी बंद. आज कामाचा दिस."

साहेब माझ्याकडं वळले. "लिहा. यंत्र अर्जदाराच्या मालकीचे असल्याबद्दल संशय."

माझं पेन उघडं, पण हात चालेना. तेवढ्यात रांगेतून एक म्हातारी डबा कमरेवर घेऊन पुढं आली. नाकात ठसठशीत नथ, आवाज इंजिनाच्या वरचढ. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. चेअरमनची सख्खी आई! लेकाचं इंजिन घरात चौरंगावर आणि आई गहू घेऊन वस्तीच्या गिरणीवर.

"काय झालं रं शाहू? दळण का थांबलं?"

"थांबलं न्हाय आक्का. सायेब म्हंत्यात, इंजिनाला कुंकू न्हाय म्हून इंजिन माझं न्हाय. बँक नेणार आता."

"एवढंच व्हय!" आक्कानं डबा खाली ठेवला आणि कमरेच्या पिशवीतून कुंकवाची डबी काढली. "सर बाजूला. म्या लावते. हाय काय आन् न्हाय काय!"

साहेबांनाही ते पटलं. त्यांना खरं तर सुटकाच हवी होती. "हो, हो. लावा एक टिळा. मी सही करतो. विषय संपला."

सगळी रांग दारात गोळा झाली. आक्काचं बोट कुंकवानं भरलेलं, इंजिनापासून वीतभर लांब. एका टिळ्यात गिरणी वाचत होती. शाहूराज मधे आला आणि इंजिनापुढं उभा राहिला.

"न्हाय आक्का."

"आरं येड्या, टिळा हाय, टिकाव न्हाय. पुसून टाक मागनं."

"इंजिन गेलं तरी चालंल. टिळा न्हाय." मग तो साहेबांकडं वळला. "साहेब, टिळा लावला तर इंजिन माझं, आन् न्हाय लावला तर परक्याचं? मग त्याचं कर्ज कुणाच्या नावावर हाय?"

फक्त इंजिन बोलत होतं. सुंदराबाई दारात उभी होती. ती पदर खोचून जात्याजवळ येऊन उभी राहिली.

त्या क्षणी मला अंगात आल्यासारखं झालं. आमच्या गावात जागरणाला वाघ्या उभा राहतो तसा मी उभा राहिलो आणि हातातला छापील दाखला मोठ्यानं वाचला. "यंत्र बसवलेले! व! चालू स्थितीत! आढळले!" आणि मग साहेबांना म्हणालो, "साहेब, यात कुंकवाचा रकाना नाही."

"पण आपलं ठरलं होतं..."

"आज आपण इतकी गावं फिरलो. पूजा झालेलं एक तरी यंत्र चालू आढळलं का? एका ठिकाणी आत्मा आढळला, एका ठिकाणी कोंबड्या. चेअरमनचं इंजिन चौरंगावर, चालू करता का म्हणून विचारा, कानांवर हात ठेवतील. सरकारच्या नियमात बसणारं इंजिन आज या मुलखात हे एकच आहे."

"और साब," दारातून मौलाभाई म्हणाले, "इसकू झाड बी नहीं है."

साहेबांनी इंजिनाकडं बघितलं, शाहूराजकडं बघितलं, स्वतःच्या सफारीवर बसलेल्या पिठाकडं बघितलं. माणूस प्रामाणिक होता, मी आधीच सांगितलंय. फक्त स्वतःच्या हुशारीतून खाली उतरायला त्यांना शिडी लागायची.

शिडी आक्कानं लावली. कुंकवाचं बोट तसंच हवेत धरून ती म्हणाली, "ए सायबा, सही करलालास का जालालास? पोरं उपाशी हाईत घरी."

साहेबांनी पिठाच्या डब्यावर कागद ठेवून सही केली. शाहूराजनं कागद घेतला, घडी घातली, खिशात ठेवला आणि पहिलं काय केलं असेल तर पुढचा डबा ओतला.

आक्का मात्र बोटाकडं बघत उभी. काढलेलं कुंकू परत डबीत घालतात होय? तिनं इकडं तिकडं बघितलं आणि शेवटी ते स्वतःच्या दळणाच्या डब्याला लावलं. "ह्यो तर माझा हाय? का ह्यालाबी तुझी ना?"

"डबा तुमचाच आक्का," शाहूराज म्हणाला. "खुशाल लावा. पर रांगंत लावा."

सुंदराबाईनं तिला रांगेच्या शेवटी धाडलं, आणि ती गेली. ते बघायला चेअरमन तिथं नव्हते, याची हळहळ मला अजून आहे.

चेअरमनच्या सभासदांचं अनुदान अडलं. चेअरमनचं काही अडलं नाही. ते पुढं आणखी मोठ्या संस्थेचे चेअरमन झाले. साहेब बदलून गेले, आणि नव्या जागी खंडेनवमीची कल्पना स्वतःची म्हणून सांगतात असं कानावर आलं. माझ्या बायकोला मी ते सांगितलं तर म्हणाली, "त्यांनी तुमची चोरली, तुम्ही माझी. कुंकू मात्र त्यांचं त्यांनीच जोडलं."

एक गोष्ट मात्र मला बोचत राहिली. तो दसरा झाला आणि गावातल्या बाया पुन्हा गावच्या गिरणीवर गेल्या. दाखला दिला म्हणजे धंदा सुरू झाला, अशी आमच्या कचेरीची समजूत होती. पण वस्तीतल्या गिरणीची पायरी गावानं चढायची की नाही, ते ठरवणारा रकाना आमच्या कुठल्याच कागदावर नव्हता. मी एकदा सुंदराबाईला विचारलं, "गावातलं दळण येतंय का?"

"येतंय की," ती हसून म्हणाली. "वर्षातनं एक दिस सगळं गाव आमच्यात येतंय. खंडेनवमीला."

गेल्या वर्षी खंडेनवमीलाच त्या बाजूला गेलो होतो. दौरा नव्हता, तपासणी नव्हती. उगीच, जीव राहवेना म्हणून. वेशीपासून तोच आवाज. गिरणीपुढं डब्यांची रांग, आणि रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक डब्याला हळदीकुंकू! आक्कानं पाडलेली रीत आता गावानं उचलली आहे. इंजिन पुजता येत नाही म्हणून बाया डबा पुजून आणतात. दळून झालं की पिठाबरोबर कुंकूही घरी जातं. आणि आत ते इंजिन, काळं, कोरं, तेलानं चमकणारं, धडधडत होतं.

शाहूराजच्या भुवया आता पीठ नसतानाही पांढऱ्या आहेत. मला बघून त्यानं हात वर केला. मी सरळ दाराकडं निघालो, तशी सुंदराबाई आडवी आली.

"डबा कुठाय?"

"डबा नाही. सहज आलो. जरा इंजिन बघून जातो."

"बगा की. रांग लागल्याली दिसत न्हाय का?"

मी मागं जाऊन रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढं आक्का होती, कुंकू लावलेला डबा पायाशी घेऊन. तिनं वळून बघितलं, ओळखलं आणि म्हणाली, "सायबाचं काय काम हितं? सरक थोडा मागं, माझा नंबर जाईल."